खानदेशातल्या थोरांची यादी करताय? या चुका टाळा

वाचनालयाच्या फलकासाठी किंवा गावच्या स्मरणिकेसाठी ‘खानदेशात जन्मलेली, खानदेशात निवर्तलेली माणसं’ अशी यादी करायला बसलं, की पहिलं नाव हटकून साने गुरुजींचं निघतं. पहिली चूकही तिथेच होते. गुरुजी १८९९ मध्ये कोकणात पालगडला जन्मले आणि १९५० मध्ये मुंबईत गेले. अमळनेरला त्यांनी मुलं घडवली, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं उतरवून घेतली. ते आपलेच आहेत. तरी जन्म-मृत्यूच्या रकान्यात त्यांना बसवू नका. ‘कर्मभूमी’ असा तिसरा रकाना आखा. निम्मे वाद तिथेच मिटतात. स्मिता पाटील यांचं घराणं शिरपूरचं, जन्म मात्र पुण्याचा (१९५५), तोही घोळ असाच सुटतो.

उलट चूक मला जास्त लागते. बाहेरून येऊन इथेच देह ठेवणाऱ्यांना आपण विसरतो. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात गेले. छायाचित्रकार केकी मूस मुंबईत जन्मले, पण चाळीसगाव त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. १९८९ मध्ये तिथेच गेले. ही नावं यादीत हवीतच. बालकवी तर दोन्ही रकान्यांत येतात: जन्म धरणगावी १८९० मध्ये, मृत्यू १९१८ मध्ये भादलीला रेल्वे अपघातात, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी.

खानदेश म्हणजे नेमका कुठला, हे आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, नंदुरबार वेगळा झाला १९९८ मध्ये. मोगलांच्या खानदेश सुभ्यात बुऱ्हाणपूरही होतं. तो सुभा धरलात, तर १६३१ मध्ये तिथे मरण पावलेली मुमताज महलही यादीत येते! महानोरांचं पळसखेडं मनाने खानदेशी, पण ते सोयगाव तालुक्यात, म्हणजे जळगाव जिल्ह्याबाहेर.

नावांची गल्लत सांभाळा. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) वेगळ्या आणि सतराव्या शतकातल्या, शिऊरला समाधी असलेल्या संत बहिणाबाई वेगळ्या.

जुन्या लेखात शके असेल तर ७८ मिळवा. पौष ते फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा ७९. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. त्यांचं जन्मगाव विज्जलविड नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने काढलेल्या मठाची साक्ष देतो, जन्माची नव्हे. म्हणून जन्माच्या रकान्यात ‘पाटण’ लिहिलंत तर पुढे ‘मतभेद’ असं नोंदवाच. आणि हा चांगदेव म्हणजे मुक्ताईला गुरू मानणारे तापीकाठचे योगी चांगदेव नव्हेत.