ब्रेकआउट केबल लावली, तरी लिंक येईना? या चुका टाळा

नेटवर्क स्विचच्या १००जीच्या (सेकंदाला १०० गिगाबिट) एका पोर्टवर २५जीचे चार सर्व्हर बसवायचे, म्हणून ब्रेकआउट केबल (एका बाजूला एक टोक, दुसऱ्या बाजूला चार ‘पाय’) येते, ती खोचली जाते आणि दिवा काही पेटत नाही. लगेच केबलवर संशय! ती बिचारी बहुतेक वेळा ठीकच असते. क्यूएसएफपी२८ या १००जीच्या पोर्टात २५जीच्या चार लेन (वेगळ्या वाटा) मुळातच असतात; केबल त्या फक्त वेगळ्या बाहेर काढते. पोर्ट फोडायचं काम स्विचच्या कॉन्फिगमध्ये करावं लागतं. ते राहिलं असेल तर दहा केबल बदलूनही काही होणार नाही.

पोर्ट फोडला की त्याचं नावही बदलतं. सिस्को नेक्ससवर इथरनेट १/१ चे १/१/१ ते १/१/४ होतात. जुन्या पोर्टवरचे व्हीलॅन (नेटवर्कचे आभासी विभाग) नव्या चारांवर आपोआप येत नाहीत, ते पुन्हा घालावे लागतात. मॉनिटरिंगमध्येही नवी नावं टाका. काही स्विचवर एक पोर्ट चारांत फोडला की शेजारचा बंद करावा लागतो. मेलानॉक्स एसएन२७०० त्यातलाच. म्हणून ३२ पोर्ट गुणिले ४ हा हिशेब करून खरेदी करू नका.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते एफईसी, म्हणजे वाटेत डेटात झालेल्या चुका दुरुस्त करणारी सोय. मोड बरोबर, केबल बरोबर, तरी चारही लिंक डाउन असतील तर आधी इथेच बघा. स्विचवर आरएस-एफईसी (एफईसीचा एक प्रकार) आणि सर्व्हरच्या कार्डावर ‘ऑफ’ असेल तर लिंक येणारच नाही. ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसांत सेटिंग ठरवणं) बंद असेल तर दोन्हीकडे हाताने एकच सेटिंग ठेवा. ५ मीटरच्या तांब्याच्या केबलला २५जीवर आरएस-एफईसी लागतंच. ३ मीटरपर्यंतच्या चांगल्या केबलला एफईसीशिवायही चालू शकतं. ४०जीचे चार १०जी करताना ही भानगड सहसा नसते, त्यामुळे तिथून आलेली मंडळी नेमकी इथे अडकतात.

फायबर असेल तर पोर्टात बसणारं मॉड्यूल एसआर४ किंवा पीएसएम४ हवं, ती चारही लेन वेगवेगळ्या फायबरवर पाठवतात. एलआर४ चारही तरंगलांबी एकाच फायबरच्या जोडीवर पाठवतं, ते अशा केबलने फुटत नाही.

चारपैकी एकच सर्व्हर डाउन असेल तर केबलच्या पायांवरचे पी१ ते पी४ हे शिक्के आणि सबपोर्ट (फोडून झालेले चार पोर्ट) जुळवून पाहा. मात्र तपासताना स्विचकडचं क्यूएसएफपीचं टोक उपसू नका, बाकीचे तीनही सर्व्हर जातील. त्या सर्व्हरकडचा एसएफपी२८ चा (२५जीच्या टोकाचा) पाय काढून लावा.