फ्युकॉइडन आणि एंडोथेलियल पेशी : प्रयोगातल्या या चुका टाळा

तपकिरी समुद्री शेवाळातलं फ्युकॉइडन रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींची (एंडोथेलियल पेशींची) वाढ रोखतं की वाढवतं? दोन्ही निष्कर्ष छापून आलेले आहेत आणि दोन्ही बरोबर असू शकतात. म्हणून उलटा निकाल आला की लगेच पेशींवर खापर फोडू नका.

आधी बाटलीतला पदार्थ तपासा. १९१३ साली स्वीडनच्या हाराल्ड क्युलिन यांनी वेगळं केलेलं फ्युकॉइडन हा एक ठरावीक रेणू नाही. सल्फेट असलेल्या शर्करासाखळ्यांचं ते एक कुटुंबच आहे. लांब साखळीचं, भरपूर सल्फेटचं फ्युकॉइडन व्हीईजीएफ या वाढ-घटकाला (पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनाला) पेशीवर बसू देत नाही; काही हजार डाल्टन (रेणुभाराचं एकक) वजनाच्या छोट्या तुकड्यांनी मात्र एफजीएफ-२ या दुसऱ्या वाढ-घटकाचा परिणाम वाढल्याचं दिसलं आहे. त्यामुळे वहीत नुसतं ‘शेवाळाचा अर्क’ लिहून भागत नाही. कोकणच्या खडकांवरचं सारगॅसम हे तपकिरी शेवाळ वापरत असाल तर प्रजाती, महिना, रेणुभार, सल्फेटचं प्रमाण, सगळं लिहा. अल्जिनेट (याच शेवाळातली दुसरी शर्करासाखळी) काढून टाकलंय का, हेही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो माध्यमात, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रावात. एंडोथेलियल पेशींच्या तयार माध्यमांत बहुधा हेपॅरिन (सल्फेट असलेलीच आणखी एक शर्करासाखळी) असतं, शिवाय व्हीईजीएफ आणि एफजीएफ-२ही. हे दोन्ही घटक हेपॅरिनला चिकटतात आणि फ्युकॉइडनही त्याच जागांसाठी झटतं. अशा माध्यमात फ्युकॉइडन घालून ‘काहीच परिणाम नाही’ म्हणणं निरर्थक आहे. हेपॅरिनविरहित, कमी सीरमचं (रक्तद्रवाचं) माध्यम घ्या. एफजीएफ-२सह आणि त्याशिवाय अशा दोन्ही रांगा लावा. एका रांगेत फ्युकॉइडनऐवजी हेपॅरिन ठेवा. तुलना खरी तिथेच होते.

एमटीटी या रंगचाचणीतला जांभळा रंग म्हणजे पेशींची संख्या नव्हे, तो चयापचयाचा अंदाज आहे. कच्च्या अर्कातले फ्लोरोटॅनिन (तपकिरी शेवाळातली टॅनिनं) तर पेशी नसलेल्या खोबणीतही रंग आणतात. तशी एक खोबणी ठेवाच. वाढच मोजायची असेल तर पेशी मोजा किंवा ईडीयू (नव्यानं बनणाऱ्या डीएनएत शिरणारी खूण) वापरा. मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलवर काही तासांत दिसणाऱ्या नळ्या पेशींच्या मांडणीबद्दल सांगतात, विभाजनाबद्दल नाही.

एंडोटॉक्सिनची (जिवाणूंच्या विषारी अंशाची) तपासणी टाळू नका, पण त्यासाठीच्या नेहमीच्या एलएएल चाचणीवर डोळे मिटून विश्वासही नको. तपकिरी शेवाळातलं लॅमिनारिन हे बीटा-ग्लुकन प्रकारची शर्करासाखळी आहे, त्यानं ही चाचणी फसू शकते. बीटा-ग्लुकन रोखणारं बफर वापरा. एंडोटॉक्सिनला निष्प्रभ करणारं पॉलिमिक्सिन-बी घालून खात्री करण्याचा उपाय इथे अडचणीचा, कारण त्याचा धन भार फ्युकॉइडनच्या ऋण भाराला धरतो.

नाळेतल्या एंडोथेलियल पेशी वापरत असाल तर सुरुवातीच्या पासेजमधल्याच (नव्या भांड्यात फार वेळा न हलवलेल्या) घ्या.

फ्युकॉइडन निर्जंतुक करण्यासाठी ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) नको, साखळ्या तुटू शकतात. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा, पण जाड द्रावणातला बराच माल गाळणीवरच राहू शकतो. म्हणून गाळण्याआधी आणि नंतर फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाच्या पद्धतीनं शर्करा मोजा आणि मात्रा गाळल्यानंतरच्या आकड्यावरून ठरवा.