पावसाळ्याआधी तांदूळ डब्यात भरताना

खानापूर-जांबोटीकडे पाऊस लागला की घरात मीठसुद्धा पाझरतं, मग तांदूळ कोरडा कसा राहणार? वर्षाचं धान्य भरायचं ते मे महिन्यातच, मिरगाच्या आधी.

डबा घट्ट असूनही सोंडे होतात, कारण ते बरेचदा धान्याबरोबरच आलेले असतात. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. वरून काही दिसत नाही. साधारण महिनाभराने किडा बाहेर पडतो. म्हणून नुसतं पाखडून, चाळून भागत नाही. दोन-चार किलोच असेल तर पिशवीत बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर दाण्यांना पाणी सुटतं. पोतंभर तांदळाला हे जमायचं नाही. तो दाताखाली कडक वाजेपर्यंत सुकवायचा, पण सावलीत. कडक उन्हात दाणा तडकतो आणि भाताचा चुरा होतो.

अख्खे मूग, चवळी, मटकी यांना किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा. आजीचा हा उपाय खरंच लागू पडतो. कडुलिंबाचा पाला खडखडीत वाळलेलाच घाला, ओल्याने उलट बुरशी येते. बाजारात मिळणाऱ्या धान्याच्या विषारी गोळ्या मात्र घरात आणूच नका. त्यांच्या वायूने झोपेत माणसं दगावतात.

नवं धान्य जुन्यावर ओतू नये. आधी डबा रिकामा करून झाकणाच्या खाचा पुसून घ्या, पिठाची भुकटी तिथेच साठते.