चावट कॉमेडी निवडायची कशी आणि बघायची कशी

मला कोणी विचारलं की असले वाह्यात पिक्चर तू का बघतोस तर आधी मी कसनुसं हसून विषय बदलायचो, आता नाही बदलत, कारण चांगली चावट कॉमेडी लिहिणं महाकठीण काम आहे आणि ती बघायलाही थोडी नजर लागते. शिव्या आणि उघडंनागडं काय कोणीही दाखवेल हो, त्यावर दोन मिनिटं हसू येतं, तिसऱ्या मिनिटाला माणूस मोबाईल काढतो.

तर पहिली गोष्ट, सीन घाणेरडा झाला की घाणीकडे बघत बसू नका, त्यात अडकलेला माणूस काय लपवायची धडपड करतोय ते बघा. उदाहरण देतो. ब्राइड्समेड्स (२०११) मधला नवरीच्या ड्रेसच्या दुकानातला सीन. मैत्रिणींची सगळी गॅंग जेवून आलीय, जेवणाची जागा निवडली नवरीच्या जुन्या मैत्रिणीने, म्हणजे ॲनीने (क्रिस्टन विग), आणि आता एकेकीचं पोट बिघडायला लागलंय, ते पण भारीतल्या पांढऱ्याशुभ्र दुकानात. उलट्या-जुलाब, बेसिन, सगळं आहे. पण माझ्या मते सीनचा जीव त्यात नाहीच, तो आहे ॲनी आणि नवरीची नवी मैत्रीण हेलन यांच्यात. हेलनला काहीच झालेलं नाही, ती एकदम टवटवीत. ॲनीचा चेहरा पांढराफटक, घामाच्या धारा, तरी मला काही होत नाहीये, उलट भूक लागलीय असं ती सांगत सुटते. मग हेलन शांतपणे साखरेत घोळवलेला एक बदाम पुढे करते. आणि ॲनीला तो खावा लागतो! क्रिस्टन विगने तो एक बदाम ज्या तोंडाने चावलाय ना, तिथे मी दरवेळी कोसळतो. कारण प्रश्न पोटाचा नाहीये, आपली मैत्रीण दुसरीने पळवली ही जळजळ आहे. विग आणि ॲनी मुमोलो यांच्या या स्क्रिप्टला ऑस्करचं नॉमिनेशन होतं, उगाच नाही.

म्हणून निवडताना माझी सोपी चाचणी अशी. पहिली पंधरा-वीस मिनिटं बघायची आणि स्वतःला विचारायचं, यातले चावट सीन सगळे काढून टाकले तर गोष्ट उरते का? सुपरबॅड (२००७) घ्या. वरवर बघितलं तर पार्टीसाठी दारू जमवायची आणि पोरी पटवायच्या, बस. पण आतून ते दोन जिगरी दोस्त वेगवेगळ्या कॉलेजात जाणार आहेत आणि हे दोघांनाही बोलता येत नाहीये, म्हणून सगळी तोंडाळ बडबड. सेथ रोगन आणि इव्हन गोल्डबर्गने हे लिहायला घेतलं तेव्हा ते स्वतः शाळकरी पोरं होते, आणि हिरोंची नावंही सेथ आणि इव्हनच. त्या वयातली मुलं जितकं कमी माहीत तितकं जास्त बोलतात, ते इतकं बरोबर पकडलंय की कधीकधी लाज आपल्यालाच वाटते.

आता बघायचं कसं. शक्यतो डब केलेलं बघू नका, टायमिंगची वाट लागते, पंच ओठांवर एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. बीप मारून मारून कापलेलं व्हर्जन तर अजिबात नको. सबटायटल्सचं मात्र अवघड आहे, नसले तर अर्धे डायलॉग निसटतात आणि असले तर ओळ बोलायच्या आधीच आपण वाचून मोकळे होतो. मी पहिल्यांदा लावून बघतो, आवडला तर दुसऱ्यांदा बंद करून. 'अनरेटेड' असं लिहिलेलं, म्हणजे वयाचं रेटिंग न घेतलेलं लांब व्हर्जन दिसलं की लोक उड्या मारतात, मी म्हणेन आधी थिएटरवालं बघा, या पिक्चरमध्ये कलाकार सेटवर खूप काही सुचेल तसं बोलतात आणि त्यातलं काय फेकायचं हे ठरवण्यातच एडिटरची कमाई असते.

चेहरे बघायची सवय लावा. द फॉर्टी-इयर-ओल्ड व्हर्जिन (२००५) मध्ये स्टीव्ह करेलच्या छातीचं वॅक्सिंग खरंखुरं केलंय, पाच कॅमेरे लावून, कारण केस एकदाच उपटता येतात, रिटेक कुठून आणणार. बाजूला उभे असलेले मित्र हसतायत ना, ते खरंच हसतायत. तो नैसर्गिक हशा आपल्याला चिकटतो. यासाठीच असला पिक्चर एकट्याने बघण्यापेक्षा दोनचार मित्रांसोबत बघावा. आईवडिलांसोबत? तुमची हिंमत.

आणि सगळंच डोक्यावर घ्यायची गरज नाही हां. अमेरिकन पाय (१९९९) मध्ये एका मुलीला न सांगता वेबकॅमवर दाखवतात, तेव्हा थिएटरं हसली, आज तो भाग बघताना माझं हसू आटतं. तिथे ज्याने चोरी केली त्याच्या फजितीपेक्षा जिला काही माहीतच नाही तिची किंमत मोजली जाते. जोक नेमका कोणाच्या अंगावर फुटतोय ते बघायचं, हावरट, फुशारक्या मारणारा, खोटं बोलणारा असेल तर बिनधास्त हसा. नाहीतर सीन पुढे ढकला, कोणी परीक्षा घेत नाहीये.

शेवटचं, क्रेडिट्स आले की लगेच बंद करू नका. द हँगओव्हर (२००९) मध्ये लग्नाआधीच्या मित्रांच्या पार्टीच्या रात्रीचा सगळा धुमाकूळ गाळून थेट सकाळ दाखवलीय, नवरदेव गायब, बाथरूममध्ये वाघ, एकाचा दात पडलेला, आणि कोणालाच काही आठवत नाही. म्हणजे हा खरंतर डिटेक्टिव्ह पिक्चर, पुरावे शोधायचे. त्या रात्री नेमकं काय काय झालं त्याचे फोटो क्रेडिट्समध्ये एकेक करून येतात आणि पिक्चरमधलं सर्वात चावट सामान तिथेच आहे. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा नावं यायला लागली म्हणून पाणी प्यायला उठलो होतो, परत येईपर्यंत बाकीचे लोळत होते आणि सांगायला कोणी तयार नाही.