जुन्या एमएक्स-५ साठी अलॉय चाकं: आधी ऑफसेट, मग डिझाइन

जुन्या स्पोर्ट्स कारला कोणती अलॉय घ्यावीत असं विचारलं, की लोक फोटो पाठवतात. त्या फोटोतली गाडी किती खाली बसवली आहे, मागच्या चाकांवरच्या पत्र्याच्या कमानींची कड ठोकून आत वळवली आहे का, वळणावर टायर कुठे घासतो, यातलं काहीही फोटोत दिसत नाही. म्हणून इथे फोटो नाहीत, आकडे आहेत. उदाहरणाला घेतली आहे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, म्हणजे १९८९ ते १९९७ मधली. अमेरिकेत तीच मियाटा, जपानमध्ये युनोस रोडस्टर. इकडे इंग्लंडमध्ये या गाड्या अजून सहज मिळतात, जपानहून आलेल्या युनोससुद्धा, आणि माझे हात बहुतेक वेळा त्यांच्याच ग्रीसने काळे झालेले असतात. तुमची गाडी दुसरी असेल तर आकडे बदलतील. क्रम हाच ठेवा.

१. मूळ आकडे लिहून घ्या

पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) ४ × १००, म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर चार भोकं. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, त्याचा व्यास ५४.१ मिमी. स्टड, म्हणजे नट ज्यावर आवळतो ते आटे पाडलेले खिळे, एम १२ × १.५ (१२ मिमी जाड, आट्यांमधलं अंतर १.५ मिमी). सुरुवातीच्या १.६ लिटर गाडीचं मूळ अलॉय १४ × ५.५ इंच (व्यास × रुंदी), ऑफसेट ४५ (म्हणजे काय ते तिसऱ्या पायरीत), टायर १८५/६० आर १४ (रुंदी १८५ मिमी, उंची तिच्या ६० टक्के, १४ इंची चाकासाठी). हे फोनमध्ये ठेवा. जुनी चाकं विकणाऱ्याच्या दारात उभं राहून आठवत बसू नका.

२. व्यास: १५ इंच, बस्स

१६ आणि १७ इंची चाकं या गाडीला चढतात, आणि चढतात म्हणून लोक चढवतात. करू नका. गाडीचं वजन टनाच्या आत, १.६ इंजिनाची ताकद ११५ अश्वशक्ती. मूळ सात पाकळ्यांचं चाक साडेपाच किलोच्या आसपास आहे, आणि स्टिअरिंगमधून जो रस्ता हाताला कळतो त्यात त्या हलकेपणाचा मोठा वाटा आहे. तिथे स्वस्त, ओतीव, नऊ-दहा किलोचं १७ इंची चाक लावलं की खड्ड्यातून गेल्यावर सस्पेन्शनला ते आवरत नाही, गाडी उचल घेताना जड वाटते आणि पातळ टायरमुळे रिम वाकतं ते वेगळंच.

मग १४ वरच का थांबू नये? थांबा की. फक्त १८५/६० आर १४ मध्ये चांगल्या टायरची निवड आक्रसत चालली आहे, १५ इंचात ती जास्त आहे. बाहेरचा व्यास जुळतो का ते पाहा: १८५/६० आर १४ चा येतो ५७८ मिमी, १९५/५० आर १५ चा ५७६. स्पीडोमीटरला फरक कळणारही नाही. २०५/५० आर १५ घेतलात तर ५८६; चालतं, पण गरज नाही. २०५/४० आर १७ जातो ५९६ वर, म्हणजे तीन टक्के जास्त. गिअरिंग तेवढं लांबतं आणि कमानीतली जागा तेवढी कमी होते.

वजन विचारल्याशिवाय चाक घेऊ नका. विकणारा सांगत नसेल तर वजनकाटा घेऊन जा. एन्केई या जपानी कंपनीचं आरपीएफ१ हे चाक १५ × ७ मध्ये साडेचार किलोच्या आत येतं. मूळ चाकापेक्षा मोठं आणि तरी हलकं. मिनिलाइट या जुन्या ब्रिटिश चाकाच्या धर्तीची आठ पाकळ्यांची चाकं या गाडीला शोभतात, पण त्यांच्या नकला अनेक आहेत आणि वजनात एकीचा दुसरीला मेळ नाही.

३. ऑफसेट आणि रुंदी

बहुतेक पैसे इथे वाया जातात. या पायरीने मलाही पुष्कळ सतावलं आहे, म्हणून इथे घाई करणार नाही.

चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेघ कल्पा. हबला टेकणारा चाकाचा पृष्ठभाग त्या रेघेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो ऑफसेट. चाकावर ‘ईटी’ अक्षरांपुढे कोरलेला आकडा हाच. आकडा लहान होत गेला की चाक बाहेर येतं, मोठा होत गेला की आत जातं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. चूक पुढे होते: लोक ऑफसेटचा आकडा एकटाच बघतात. रुंदी बदलली की तोच ऑफसेट वेगळं वागतो, कारण वाढलेली रुंदी अर्धी आत आणि अर्धी बाहेर वाटली जाते.

म्हणून हिशोब नेहमी दोन आकड्यांचा करायचा. रुंदीचे मिलिमीटर करा (इंच गुणिले २५.४), अर्धे करा. त्यातून ऑफसेट वजा केला की हबच्या पृष्ठभागापासून बाहेरची कड, ऑफसेट मिळवला की आतली कड.

मूळ १४ × ५.५, ईटी ४५: बाहेर २५, आत ११५.
१५ × ६.५, ईटी ३८: बाहेर ४५, आत १२१.
१५ × ७, ईटी ३५: बाहेर ५४, आत १२४.
१५ × ७, ईटी २५: बाहेर ६४, आत ११४.
१५ × ८, ईटी २०: बाहेर ८२, आत १२२.

आता यादी मूळ चाकाशी ताडून पाहा. १५ × ७, ईटी ३५ मूळ चाकापेक्षा २९ मिमी बाहेर येतं आणि ९ मिमी आत जातं. मूळ उंचीच्या गाडीवर १९५/५० टायरसकट ते काही न ठोकता बसतं. ईटी २५ झालं की चाक कमानीच्या कडेला येऊन भिडतं. दिसायला झकास, पण गाडी खाली बसवलेली असेल तर घासण्याची तयारी ठेवा. आणि १५ × ८, ईटी २० बघा: ५७ मिमी बाहेर! ज्या फोटोंवर लोक भाळतात ती चाकं बहुधा या घरातली असतात. तिथे मागची कड वळवावी लागते आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकलेला कल, वाढवावा लागतो.

कड वळवण्याबद्दल माझं मत ठाम आहे: रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची कमान चाकासाठी ठोकू नका. मागच्या कमानीची कड दोन पत्रे एकावर एक दुमडून केलेली आहे. ती वळवली की मधला सीलंट आणि रंग तडकतो, पाणी शिरतं, आणि या गाडीला मागच्या कमानींचा नि सिलचा (दाराखालच्या पट्टीचा) गंज आधीच पाचवीला पुजलेला आहे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशात तर ती कड दोन-चार हिवाळ्यांत हातात येते. पत्रा कापून नवा जोडायला चाकांच्या किमतीपेक्षा जास्त पैसे लागतात.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. चाक जसं बाहेर सरकतं तसा टायरचा मध्य स्टिअरिंगच्या फिरण्याच्या अक्षापासून दूर जातो. मग पुढचं चाक रस्त्यावरच्या प्रत्येक चाकोरीत शिरायला बघतं, ब्रेक दाबताना स्टिअरिंग ओढलं जातं, बेअरिंगवर भार वाढतो. वर्कशॉपमध्ये याला ‘अलाइनमेंट बिघडलंय’ म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. अलाइनमेंट कितीही करा, ऑफसेट तोच राहतो.

वापरलेल्या चाकावर ईटीचा आकडा पुसट झालेला असेल तर विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, मोजा. चाक पालथं ठेवा, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबच्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजा. मग चाकाची कडेपासून कडेपर्यंतची पूर्ण रुंदी मोजून अर्धी करा. खोलीतून ही अर्धी रुंदी वजा केली की ऑफसेट. सावधान: ‘७ इंच’ ही रुंदी टायर जिथे बसतो तिथली असते, कडांसकट तेच चाक सुमारे ८ इंच भरतं. १५ × ७ च्या चाकाची पूर्ण रुंदी २०३ मिमी आणि खोली १३६ आली, तर ऑफसेट ३५ च्या आत-बाहेर. इथे २०३ ऐवजी १७८ धरलंत तर उत्तर ४७ येईल आणि तुम्ही चांगलं चाक सोडून घरी याल.

स्पेसर, म्हणजे हब आणि चाकामध्ये घालायची चकती, लावून चुकीचा ऑफसेट सुधारता येतो, असंही सांगतील. स्टडवर नुसता सरकवायचा स्पेसर नटाला मिळणारे आटे कमी करतो. एम १२ × १.५ च्या नटाला किमान आठ पूर्ण फेरे मिळाले पाहिजेत. मिळत नसतील तर तो स्पेसर फेकून द्या.

शेवटी मापाची परीक्षा गाडीवरच. एकाच चाकावर टायर चढवून घ्या, बसवा, कमानीच्या कडेला आतून मातीकामाची मऊ माती चिकटवा, दोन जणांना गाडीत बसवून उंचवट्यावरून जा. माती दबली नाही तर बाकीची तीन घ्या. पुढे स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन अँटी-रोल बार आणि प्लास्टिकचं अस्तर तपासा.

४. पीसीडी, हब आणि नट

४ × ९८ चं चाक ४ × १०० वर नटांनी ओढून बसवता येतं. बसवू नका. फियाटच्या पॅलिओ आणि पुंटो वापरलेल्यांना हा ९८ चा जाच ठाऊक आहे. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, नट मात्र तिरका बसतो आणि चालता चालता सैल होतो.

चाकाच्या मधलं भोक ५४.१ पेक्षा मोठं असेल तर त्या मापाची रिंग लागते. आरपीएफ१ चं भोक ७३, तेव्हा ७३ ते ५४.१ ची रिंग घ्या. भोक ५४.१ पेक्षा लहान असेल तर विषय संपला.

दुसऱ्या गाडीची कंपनीची चाकं वापरताना नटाची बैठक, म्हणजे नट चाकाला टेकतो ती जागा, बघा. होंडाच्या मूळ अलॉयची बैठक गोलाकार असते, बाजारातल्या अलॉयचे नट ६० अंशांच्या शंकूचे. एकाचा नट दुसऱ्यावर फार थोड्या जागी टेकतो. भारतातल्या स्विफ्टचं पीसीडी आणि हब दोन्ही एमएक्स-५ शी जुळतं, पण तिचे नट एम १२ × १.२५ चे. ते या स्टडवर लावलेत तर आटे जातील.

५. वापरलेलं चाक घेताना

टायर काढून आतली बाजू बघायला मिळाली तरच पैसे द्या. वाकलेलं रिम एक वेळ सरळ होतं. वेल्डिंग केलेली चीर असेल तर फुकटही नको. जेडब्ल्यूएल (जपानी मानक) किंवा केबीएची (जर्मन मान्यता) खूण नसलेली नक्कल टाळा. डायमंड-कट, म्हणजे यंत्रावर कापून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर लाखेखाली किड्यांसारख्या पांढऱ्या गंजरेघा उमटतात, खारट हवेत लवकरच. साधा रंग दिलेलं चाक घ्या.

६. बसवणं

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासा, नट हाताने सुरू करा, समोरासमोरचे आवळा, ८८ ते ११८ न्यूटन-मीटर, आणि साधारण शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. इंग्लंडमध्ये विमा कंपनीला कळवा. जर्मनीत असाल तर चाकाची कागदपत्रं हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, टीयूव्हीवाले (तिथले वाहन तपासणारे) फोटो बघून सही करत नाहीत.

टायरमधली हवा २६ पीएसआय. दुकानातला पोरगा सवयीने ३२-३३ भरेल आणि गाडी उड्या मारत घरी येईल. त्याला आधीच सांगा, तरी घरी आल्यावर गेज लावून बघा.