वर्डप्रेसचं स्टार्टर टेम्पलेट: अर्धं फाइलींत, अर्धं डेटाबेसमध्ये

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर दुसरी-तिसरी साइट हातात आली की तीच ती सेटिंग्ज पुन्हा करायचा कंटाळा येतो. एकदाच कोरी साइट नीट लावून ठेवावी आणि प्रत्येक नव्या कामाला तिची प्रत काढावी, हा विचार अगदी बरोबर आहे. गाडं अडतं ते थीमचं (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींचं) फोल्डर कॉपी केलं म्हणजे टेम्पलेट झालं असं धरल्यावर. फोल्डरात निम्मंच काम असतं. लोगो, मेनू, विजेट (बाजूला किंवा तळाला लावायचे छोटे भाग), मुखपृष्ठ कोणतं, पर्मालिंक (प्रत्येक पानाचा पत्ता) कशी, हे सगळं डेटाबेसमध्ये राहतं.

पायाभरणीला वेळ लागत नाही. आपल्याच मशीनवर ताजं वर्डप्रेस टाका. नमुन्याची पोस्ट, नमुन्याचं पान आणि हॅलो डॉली हे नमुन्याचं प्लगिन (जोडसुविधा) काढून टाका. टाइमझोन लावा, पर्मालिंक ‘पोस्ट नेम’वर ठेवा. मुखपृष्ठ आणि ब्लॉग अशी दोन रिकामी पानं करून रीडिंग सेटिंगमध्ये नेमून द्या. वर्डप्रेससोबत आलेली एक थीम राहू द्या. तुमची थीम बंद पडली तर तीच साइट उभी ठेवते. प्लगिन मात्र प्रत्येक साइटला लागतीलच तेवढे. एका क्लिकवर इंपोर्ट होणाऱ्या झगमगीत डेमोच्या नादी सुरुवातीला लागू नका, असं माझं ठाम मत आहे. त्यासोबत येणारे प्लगिन आणि चित्रं निस्तरण्यात जो वेळ जातो, त्यात स्वतःचं साधं टेम्पलेट उभं राहतं.

चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमला हात न लावता तिच्यावर बदल करणारी थीम, करताना ‘स्टाइल’ फाइलच्या डोक्यावर ‘टेम्पलेट’ ही ओळ लागते. तिथे मूळ थीमच्या फोल्डरचं नाव हवं, स्क्रीनवर दिसणारं नाव नव्हे. एक अक्षर चुकलं तरी वर्डप्रेस मूळ थीम सापडत नाही म्हणून सांगतं. चाइल्ड थीमच्या फोल्डरचं नावही पहिल्याच दिवशी पक्कं करा. कस्टमायझर या रूप बदलायच्या पडद्यावरचा लोगो, रंग, अतिरिक्त सीएसएस हे सगळं त्या नावाला बांधलेलं असतं. नंतर नाव बदललंत तर सगळं गेल्यासारखं दिसेल. ते डेटाबेसमध्ये जुन्या नावाखाली शाबूत असतं, तेव्हा धीर सोडू नका. जुनं नाव परत द्या.

ब्लॉक थीम (साइटचा प्रत्येक भाग साइट एडिटर या पडद्यावर बदलू देणारी थीम) वापरत असाल तर साइट एडिटरमध्ये केलेला बदल फाइलीत जात नाही, डेटाबेसमध्ये जातो आणि फाइलीवर मात करतो. मग फाइलीत कितीही खटपट केली तरी पान हलत नाही. क्रिएट ब्लॉक थीम हे प्लगिन वापरून बदल फाइलींत उतरवा, म्हणजे टेम्पलेट खरंच सोबत नेता येतं.

आता खरा खड्डा. यात पडलेल्याला आपण कुठे पडलो हेच कळत नाही, म्हणून सावकाश वाचा.

प्रत काढल्यावर जुन्या साइटचा पत्ता बदलून नवा घालायचा असतो. झटपट मार्ग म्हणून अनेक जण डेटाबेसची फाइल एडिटरमध्ये उघडतात आणि ‘फाइंड अँड रिप्लेस’ मारतात. हे करू नका. कधीच नाही. वर्डप्रेस पुष्कळशी सेटिंग्ज सीरियलाइज करून ठेवतं, म्हणजे प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. समजा जुना पत्ता १८ अक्षरांचा आहे, तर त्याआधी ‘एस:१८’ अशी नोंद असते. तुम्ही एचटीटीपीचं एचटीटीपीएस केलंत, पत्ता १९ अक्षरांचा झाला, पण नोंद १८च राहिली. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीला हिशेब जुळत नाही आणि तो अख्खी नोंदच वाचायची सोडून देतो. एरर दिसत नाही. विजेट रिकामे होतात, थीमची सेटिंग्ज मूळपदावर जातात, आणि आपण थीमला दोष देत बसतो.

आकडा हाताने दुरुस्त करू म्हणाल, तर तिथेही फसगत आहे. ती लांबी अक्षरांत नसते, बाइटमध्ये असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो म्हणून वरचा हिशेब जमला. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८मध्ये ३ बाइट लागतात, काना आणि हलन्त धरून. ‘नमस्कार’ हा छोटासा शब्द २१ बाइटचा होतो. मराठी साइटवर बोटं मोजून हे जमणं नाही.

उपाय सोपा आहे. डब्ल्यूपी-सीएलआय या कमांड देऊन वर्डप्रेस चालवायच्या साधनाची ‘सर्च-रिप्लेस’ कमांड प्रत्येक नोंद उलगडते, पत्ता बदलते आणि लांबी पुन्हा मोजून लिहिते. आधी बॅकअप घ्या, मग ‘ड्राय-रन’ देऊन किती जागी बदल होणार ते पाहा आणि नंतरच खरी चालवा. पोस्टची कायमची ओळख ठेवणारा ‘जीयूआयडी’ हा कॉलम वगळा. पेज बिल्डर (पानं ओढून-सोडून रचायचं प्लगिन) असेल तर त्याचा मजकूर जेसन या माहिती साठवायच्या साच्यात असू शकतो. तिथे पत्त्यातल्या स्लॅशआधी उलटा स्लॅश असतो, म्हणून साध्या शोधात तो सापडत नाही. बिल्डरचं स्वतःचं यूआरएल बदलायचं साधन असेल तर तेही चालवा. ‘डेटाबेसला हात लावू नकोस’ एवढंच सांगणारा मार्गदर्शक तुमचं भलं करत नाही. बॅकअप घेऊन हात लावायला शिकवणारा शोधा.

मुखपृष्ठ उघडतंय आणि आतली पानं ४०४ (पान सापडत नाही) देतायत? काही बिघडलेलं नाही. पर्मालिंकच्या पानावर जाऊन नुसतं सेव्ह दाबा. लॉगिन होतंय पण डॅशबोर्ड परवानगी नाकारतोय? डेटाबेसमधल्या टेबलांच्या नावाआधी लागणारा प्रीफिक्स बदलला असेल तर तो ऑप्शन्स टेबलातल्या ‘यूजर रोल्स’च्या नोंदीत आणि यूजरमेटा टेबलातल्या ‘कॅपेबिलिटीज’च्या नोंदीतही बदलावा लागतो.

प्रत्येक प्रतीत दोन गोष्टी नव्या हव्यात: कॉन्फिग फाइलमधल्या, लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या आठही सिक्युरिटी की आणि अॅडमिनचा पासवर्ड. एकाच टेम्पलेटच्या दहा साइटींना एकच पासवर्ड असेल, तर एक फुटली की दहाही फुटल्या. टेम्पलेटवर सर्च इंजिनांना मज्जाव करणारा चौकोन टिक केलेला असणं योग्यच आहे. पण तो डेटाबेसमध्ये असतो, म्हणून प्रतीबरोबर नव्या साइटवरही जातो. साइट लोकांसमोर आणायच्या दिवशी रीडिंग सेटिंगमध्ये जाऊन तो काढा.