नेदरलँड्समध्ये भाड्याने घर घेताना या चुका टाळा, आणि झाल्या असतील तर अशा निस्तरा

पुण्याहून आइंडहोव्हनला निघालेल्या एका तरुणाने गेल्या हिवाळ्यात मला एक जाहिरात पाठवून विचारले, “दादा, दोन महिन्यांची अनामत आजच मागतायत. भरून टाकू का?” स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, ७० चौरस मीटरचे, दोन शयनगृहांचे सजवलेले घर, आणि भाडे ९५० युरो. मालक सध्या पोर्तुगालमध्ये असल्यामुळे किल्ल्या कुरियरने येणार होत्या. आइंडहोव्हनचे भाडे ज्याला ठाऊक आहे त्याला हा आकडा पाहताच शंका येईल. पण महिनाभर रोज दहा-बारा अर्ज करून एकाचेही उत्तर न आलेल्या माणसाला तो देवाने पाठवलेला वाटतो. फसवणारे नेमके याच थकव्यावर जगतात.

या थकव्याचे कारण बाजारात आहे. देशात सुमारे ४ लाख घरांची कमतरता असल्याचा अंदाज गेली काही वर्षे मांडला जात आहे, आणि वर्षाला १ लाख घरे बांधण्याचे सरकारी उद्दिष्ट अजून कागदावरच आहे. गृहनिर्माण संस्थांकडील स्वस्त घरांसाठी ॲमस्टरडॅमसारख्या शहरात दहा वर्षांहून अधिक वाट पाहावी लागते, त्यामुळे परदेशातून आलेला नोकरदार खासगी बाजारातच उतरतो. १ जुलै २०२४ पासून भाडेकरूच्या बाजूचे दोन मोठे कायदे लागू झाले, तर दुसरीकडे गुंतवणूकदारांवरील करही वाढत गेले. परिणामी अनेक मालकांनी भाडेकरू सोडून गेला की घर विकून टाकण्याचा मार्ग धरला. आत शिरलेल्या भाडेकरूला कायद्याचे भक्कम छत्र आहे, पण दारात उभ्या असलेल्याला दार उघडतच नाही, अशी ही विचित्र स्थिती आहे. म्हणूनच चुकांचेही दोन प्रकार पडतात. काही चुका आत शिरण्यापूर्वीच्या असून त्या सहसा भरून येत नाहीत. करारातल्या चुका मात्र सही झाल्यानंतरही बऱ्याच अंशी दुरुस्त करता येतात, आणि आपल्याकडच्या बहुतेकांना नेमके हेच ठाऊक नसते.

घर पाहण्यापूर्वी पैसे पाठवणे

घर आतून पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक सेंटही पाठवू नये. भारतात बसून घर पक्के करण्याचा अट्टहास सोडून पहिले एक-दोन महिने कंपनीने दिलेल्या किंवा अल्पमुदतीच्या जागेत काढावेत. ते महाग वाटले तरी स्वस्तच पडते. तसे शक्यच नसेल तर त्या शहरातल्या ओळखीच्या माणसाला प्रत्यक्ष घरात पाठवावे. व्हिडिओवर दाखवलेले घर कोणाचेही असू शकते. घराचा कायदेशीर मालक कोण, हे कादास्टर या भूमी अभिलेख कार्यालयाच्या संकेतस्थळावर काही युरो भरून कोणालाही पाहता येते. पासपोर्टची प्रत मागितली तर सरकारच्या ‘कोपीआयडी’ ॲपमधून नागरिक क्रमांक झाकून, प्रत कशासाठी दिली ते तिच्यावर लिहून मगच द्यावी. पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी बँकेला कळवून पोलिसांत तक्रार नोंदवावी. पैसे परत मिळण्याची आशा मात्र फारशी बाळगू नये.

त्या तरुणाने पैसे भरले नाहीत. त्याला पुढे तीन आठवड्यांनी हेल्मंडमध्ये घर मिळाले. गाडीने आइंडहोव्हन तिथून फार दूर नाही, तरी आपली माणसे कार्यालयाशेजारचेच घर हवे म्हणून अडून बसतात. ॲमस्टरडॅमलगतच्या ॲमस्टेलव्हेनमध्ये भारतीय दुकाने आणि शेजार आहे म्हणून सगळे अर्ज तिथेच करणाऱ्यांनी २५ क्रमांकाची ट्राम जुलै २०२४ पासून त्याच्याही पुढे आउटहोर्न गावापर्यंत जाते, हे लक्षात घ्यावे.

पत्त्याची नोंदणी होणार नाही, हे मान्य करणे

चार महिन्यांहून अधिक राहणार असलेल्या माणसाने आल्यापासून पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत, म्हणजे खेमेन्तेमध्ये, पत्ता नोंदवायचा असतो. या नोंदणीतूनच बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो, आणि पगार, बँक व आरोग्य विमा यांची गाडी त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही. ‘नोंदणी नाही’ असे लिहिलेले घर स्वस्त असण्यामागे बहुधा परवानगीशिवाय दिलेले पोटभाडे किंवा चुकवलेला कर असतो. तुम्ही अशा घरात राहायला गेलाच असाल तर करारातल्या त्या कलमाला घाबरण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष जिथे राहता तिथे नोंदणी करणे हे तुमचे कर्तव्य आहे, आणि मालकाने मनाई केली म्हणून नगरपालिका तुम्हाला नाकारत नाही. मात्र घर पोटभाड्याचे निघाले तर ते सोडावे लागण्याची शक्यता राहते, म्हणून नोंदणीबरोबरच दुसरे घर शोधायला लागावे.

हिंजवडीत चार मित्र मिळून फ्लॅट घेतात तसे इथे करण्यापूर्वीही चौकशी करावी. एका कुटुंबातल्या नसलेल्या अनेक प्रौढांनी एकत्र राहण्यासाठी ॲमस्टरडॅमसह अनेक शहरांत मालकाला वेगळा परवाना लागतो, आणि तो नसेल तर नगरपालिका कारवाई करू शकते.

‘काल’ या डच शब्दाचा अर्थ न विचारणे

ही चूक मी स्वतः केली. जाहिरातीत भाड्यापुढे ‘काल’ असे लिहिले होते. फर्निचर नसेल इतकाच त्याचा अर्थ मी घेतला. नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी किल्ली घेऊन दार उघडले तेव्हा पायाखाली उघडे सिमेंट होते, छतातून दिव्यांच्या जागी नुसत्या तारा लोंबत होत्या, खिडक्यांना पडद्याची दांडीही नव्हती आणि स्वयंपाकघरात जिथे शेगडी असायला हवी होती तिथे एक चौकोनी भोक होते. आधीचा भाडेकरू जमिनीवरचे लॅमिनेटसुद्धा उचकटून घेऊन गेला होता, आणि तो त्याचा हक्कच होता. पहिली रात्र मी मोबाइलच्या उजेडात बॅगेला टेकून काढली.

तेव्हा शब्द पक्के ठेवावेत. ‘काल’ म्हणजे बोडके घर, ‘खेस्टोफेर्ड’ म्हणजे जमिनीवरचे आच्छादन आणि पडदे असलेले, आणि ‘खेम्यूबिलेर्ड’ म्हणजे फर्निचरसह. जाणारा भाडेकरू जमीन, पडदे किंवा कपाटे विकत घेण्याचा प्रस्ताव ठेवतो, त्याला ‘ओव्हरनामे’ म्हणतात. तो स्वीकारण्याची सक्ती नसते, आणि घासाघीस करण्याची आपली हौस या देशात कुठे भागत असेल तर ती इथेच भागते. स्वतः जमीन घालायची झाल्यास इमारतीच्या मालक-संघाचे, म्हणजे इथल्या सोसायटीचे, आवाजरोधक थराचे नियम आधी वाचावेत. खालच्या शेजाऱ्याने तक्रार केली तर घातलेली जमीन पुन्हा काढावी लागते.

एजंटला सवयीने एक महिन्याचे भाडे देणे

पुण्या-मुंबईत दलाली दोन्हीकडून घेतली जाते, त्यामुळे ‘काँट्रॅक्ट फी’ किंवा ‘प्रशासन खर्च’ म्हणून काहीशे युरोंचे बिल आले की आपण ते निमूटपणे भरतो. नेदरलँड्समध्ये घरमालकासाठी काम करणाऱ्या एजंटला भाडेकरूकडून मध्यस्थीचे पैसे घेता येत नाहीत. केवळ संकेतस्थळावर जाहिरात लावणारा एजंटही मालकासाठीच काम करत असल्याचे सहसा धरले जाते, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये स्पष्ट केले. तुम्ही स्वतः नेमलेल्या आणि फक्त तुमच्यासाठी घर शोधणाऱ्या एजंटची फी हा वेगळा विषय आहे.

घर हातचे जाईल या भीतीने पैसे भरले असतील तर त्याचा फारसा पश्चात्ताप करू नये. घरात स्थिरस्थावर झाल्यावर एजंटला लेखी पत्र पाठवून ती रक्कम परत मागावी. अनेकदा पहिल्याच पत्राला पैसे येतात. उत्पन्न कमी असेल तर पत्राचा मसुदा ‘युरिडिश लोकेट’ या मोफत कायदेशीर सल्ला केंद्रात पाहून घेता येतो. अनामतीचेही तसेच आहे. १ जुलै २०२३ नंतरच्या करारांत ती मूळ, म्हणजे सेवा खर्च वगळलेल्या, मासिक भाड्याच्या दुपटीहून अधिक घेता येत नाही.

करारात लिहिलेले भाडे अंतिम मानणे

सर्वांत मोठी रक्कम या चुकीत जाते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. इथे घराला गुण मिळतात. खोल्यांच्या प्रत्येक चौरस मीटरला एक गुण, साठवणीसारख्या इतर जागेला त्याहून कमी, शिवाय स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाल्कनी, नगरपालिकेने ठरवलेले घराचे करमूल्य आणि ऊर्जा वर्ग यांचे गुण वेगळे. ऊर्जा वर्ग ‘ई’, ‘एफ’ किंवा ‘जी’ असेल तर गुण चक्क वजा होतात. पूर्वी ही पद्धत स्वस्त घरांपुरतीच बंधनकारक होती. १ जुलै २०२४ पासून नव्या करारांसाठी ती १८६ गुणांपर्यंतच्या घरांना लागू झाली. २०२५ मध्ये १८६ गुणांच्या घराचे कमाल मूळ भाडे सुमारे १,१८५ युरो होते. १८७ गुणांपासून पुढे मात्र मालक बाजारभाव लावू शकतो.

आता समजा, तुम्ही १९६० च्या सुमाराच्या इमारतीत, ५८ चौरस मीटरच्या, ‘एफ’ वर्गाच्या घरासाठी १,६५० युरो देत आहात. असे घर १८७ गुणांपर्यंत पोहोचणे पुष्कळदा अवघड असते. १ जानेवारी २०२५ पासून नव्या कराराबरोबर गुणांचा तक्ता देणे मालकाला बंधनकारक आहे. तो मिळाला नसेल तर मागावा, आणि मिळाला असेल तरी स्वतः टेप घेऊन खोल्या मोजाव्यात. करमूल्य आणि ऊर्जा वर्ग दोन्ही सार्वजनिक नोंदींत विनामूल्य पाहता येतात. ‘ह्यूरकॉमिसी’ या भाडे आयोगाच्या संकेतस्थळावर हे आकडे भरले की कमाल भाडे समोर येते. फरक मोठा असेल तर आधी मालकाला लिहावे, आणि त्याने दाद दिली नाही तर आयोगाकडे अर्ज करावा. भाडेकरूला त्यासाठी २५ युरो लागतात आणि निकाल आपल्या बाजूने लागला तर तेही परत मिळतात. कराराच्या पहिल्या सहा महिन्यांतच अर्ज करणे श्रेयस्कर, कारण मुक्त बाजाराच्या भाड्याने केलेल्या करारासाठी ही मुदत निर्णायक असते.

“सही मीच केली होती, आता कोणत्या तोंडाने भांडू?” असे पुष्कळ जण म्हणतात. हा संकोच इथे गैरलागू आहे, कारण कमाल भाड्याचा नियम सहीने रद्द होत नाही आणि तक्रार केली म्हणून मालक घराबाहेरही काढू शकत नाही. वीज, गॅस, फर्निचर सगळे धरून एकच ठोक रक्कम लिहिलेल्या कराराबाबत तर आयोगाचा दंडक फारच कडक आहे: अर्ज केल्यास तो त्या रकमेच्या ५५ टक्के मूळ भाडे आणि २५ टक्के सेवा खर्च अशी विभागणी करतो.

एक वर्षाचा करार म्हणजे एक वर्षाने घर सोडणे, असे समजणे

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची सवय असलेल्याला मुदत संपली की सामान बांधणे स्वाभाविक वाटते. १ जुलै २०२४ नंतर केलेला निवासी करार मात्र विद्यार्थ्यांसारखे मोजके अपवाद वगळता बेमुदतच असतो. कागदावर ‘१२ महिने’ लिहिले असले तरी एवढ्यावरून मालकाला तुम्हाला काढता येत नाही. ते १२ महिने बहुधा तुम्ही त्याआधी सोडू नये यासाठी असतात. त्यानंतर तुम्हाला साधारण एका महिन्याच्या सूचनेवर, शक्यतो नोंदणीकृत पत्राने, घर सोडता येते. स्वतः परदेशी गेलेल्या आणि परत येऊन त्याच घरात राहणार असलेल्या मालकाचे कलम वेगळे असून ते वैध आहे, म्हणून करारात ते आहे का हे वाचावे. ‘शॉर्ट स्टे’ असे शीर्षक देऊन वर्षभराचा करार करणारेही भेटतात. न्यायालय शीर्षकाकडे न पाहता प्रत्यक्ष वास्तव्याकडे पाहते.

मालकांनी घरे विकण्याचा सपाटा लावल्यापासून आणखी एक प्रसंग वाढला आहे. मालक मेल पाठवतो की घर विकायचे आहे, कृपया दोन महिन्यांत रिकामे करावे. आपली सभ्य माणसे लगेच ट्रक ठरवतात. डच कायद्यानुसार घर विकल्याने भाडेकरार मोडत नाही. नवा मालक तुमच्यासकट घर घेतो. रिकामे घर अधिक किमतीला जाते, म्हणून मालकाला तुम्ही निघायला हवे असता, आणि म्हणूनच तुम्ही निघायला तयार असाल तर स्थलांतराची भरपाई मागण्यास पुरेपूर वाव असतो. असा मेल आला की काहीही मान्य करणारे उत्तर लिहू नये.

बुरशी आणि बॉयलरबद्दल तोंडी तक्रार करणे

हिवाळ्यात खिडक्या बंद ठेवून कुकर लावला आणि खोलीतच कपडे वाळवले की भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी येते, आणि मालक दोष तुमच्या स्वयंपाकाला देतो. नळाचा वायसर, दिवे, तुंबलेले सिंक ही कामे भाडेकरूची. बॉयलर, छप्पर आणि भिंतीतली ओल मालकाची. फोटोसह लेखी कळवावे. सहा आठवड्यांत दुरुस्ती झाली नाही तर नियंत्रित भाड्याच्या घरासाठी तात्पुरती भाडेकपात आयोगाकडे मागता येते.

किल्ली परत देताना घाई करणे

अनामतीचा निकाल खरे तर पहिल्याच दिवशी लागतो. घरात शिरताना स्थितीचा अहवाल तयार झाला नसेल तर घर आज जसे आहे तसेच मिळाले होते असे कायदा गृहीत धरतो, आणि उलट सिद्ध करण्याचे ओझे मालकावर येते. तरीही दोन्ही वेळा प्रत्येक भिंतीचे, खिडकीच्या चौकटीचे आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो काढावेत. १ जुलै २०२३ नंतर केलेल्या करारात अनामत १४ दिवसांत, आणि काही वजावट असेल तर खर्चाच्या तपशिलासह ३० दिवसांत, परत यायला हवी. माझ्या एका मालकाने रंगाचे ४०० युरो कापले होते. आत शिरताना काढलेला त्याच भिंतीचा तारखेसह फोटो मी पाठवला, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पूर्ण रक्कम खात्यात आली. सोबत एका ओळीचाही मेल नव्हता.